विमानाच्या पंखाला दोन बोटं माया

आमचा मिस्त्री यंत्राला अहो म्हणायचा आणि माणसाला अरे. त्यात लहानमोठं काही नव्हतं. जिनिंगच्या मालकाला अरे, पाटलाला अरे, आणि एकदा दौऱ्यावर आलेल्या तहसीलदारसाहेबांनाही, "अरे, जरा उजेडातून सरक," म्हणून त्यानं सगळ्या चावडीची बोलती बंद केली होती. पण तेच जिनिंगमधलं तेलाचं इंजिन बंद पडू द्या. हा त्याच्यापुढं उकिडवा बसून हळू आवाजात विचारणार, "काय हो, काय झालं? काल तर बरे व्हता तुम्ही." इंजिन उत्तर द्यायचं नाही. पण तहसीलदारसाहेब तरी कुठं कामाचं बोलायचे.

मी आष्टीचा शिंपी. त्याच्या दारासमोरच्या ओट्यावर माझं दुकान, म्हणजे एक हातमशीन, एक कात्री आणि एक मी. त्यामुळं पंचवीस-तीस वर्षं हा माणूस मला रोज बघावा लागला. सकाळी आला की आधी माझ्या मशीनची विचारपूस. "कसे आहात? कालचा जाड कपडा सोसला का?" मग माझ्याकडं वळून, "अरे, ह्यांना तेल कामून देत न्हाई? तू तर दोन टाइम जेवून राह्यला." माझी चौकशी त्यानं कधी केल्याचं आठवत नाही. मी एकदा तापानं आठ दिवस पडून होतो, तेव्हा तो आला खरा. मशीनवर धूळ बसू नये म्हणून फडकं टाकलं आणि गेला.

त्याची बायको दारात उभी राहून आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची. "मला अगं आणि त्या काळ्या इंजिनाला अहो. लग्न कुणाशी लागलं ते एकदा ठरवा म्हणावं." मिस्त्री ऐकायचा नाही. कान त्यानं फक्त यंत्रासाठी राखून ठेवले होते.

त्याच्या उजव्या हाताचा अंगठा चपटा होता. तरुणपणी जिनिंगच्या पट्ट्याखाली सापडला होता. दुसऱ्या कुणाचा अंगठा असा झाला असता तर त्यानं जन्मभर रडगाणं गायलं असतं. यानं त्याचं हत्यार केलं. कुठलीही वस्तू पुढं आली की डोळे मिटायचे आणि अंगठा फिरवायचा. लाकडातली चीर, लोखंडातला बाक, दोन पात्यांमधला केसाएवढा फरक, सगळं त्याला अंगठ्यानं कळायचं. सापडलं नाही तर, "बराबर." सापडलं तर काहीच बोलायचा नाही, ते जास्त वाईट असायचं. डोळे फितूर होतात, असं त्याचं मत होतं. हे मत तो चष्मा लावलेल्या मास्तरांना मुद्दाम दोनदा सांगायचा.

आता त्याच्या नियमाविषयी. आमच्या भागात मोटेचा नवा नाडा, म्हणजे पाणी ओढायचा जाड दोर, वळला की वळणाऱ्यानंच त्याला लटकून आधी विहिरीत उतरायचं, अशी रीत होती. नाडा टिकला तर त्याला जेवण, नाही टिकला तर तो आपोआप विहिरीत. चांगली रीत होती. नाडा वळणारे ती वर्षातून एकदा पाळायचे आणि विसरायचे. मिस्त्रीनं ती उचलून सगळ्या जगाला लावली. "दुरुस्त करील तो आधी बसंल." गाडीचा आख बदलला की गाडीत दगड भरून वर हा स्वतः बसणार आणि सगळ्यात वाईट उतारावरून गाडी सोडायला लावणार. पिठाच्या चक्कीच्या दगडाला टाकी लावली की पहिलं पीठ हा घरी नेणार. त्या पिठात ज्वारी कमी आणि दगड जास्त. बायको त्याच्या भाकरी भाजायची, आणि हा तीन दिवस कचाकचा चावून आम्हाला सांगायचा, "बराबर उतरून राह्यलं पीठ."

पाटलाच्या विहिरीचं चाक बसवलं तेव्हाही असंच. चाक यानं नवं बसवलं, नाडा मात्र पाटलाचा जुना, कुजका. सगळे सांगत होते, आधी नाडा बदला. हा म्हणाला, "मी चाक दुरुस्त केलंय, चाकावर लटकतोय." लटकला. नाडा तुटला, मिस्त्री विहिरीत. बाहेर काढला तेव्हा अंगभर शेवाळ, नाकातोंडात पाणी, आणि पहिलं वाक्य, "चाकाला बोल न्हाई लावायचा." तेवढ्यासाठी तो बुडायचा थांबला होता, असं पाटील पुढं कैक वर्षं सांगत असे.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. विहीर खाली असते, गाडी जमिनीवर असते, चक्की घरात असते. नियम त्याला वर कधी न्यायचाच नाही. आणि वर जायला हा माणूस मरणाचा भ्यायचा. घराचं माळवद सारवायचं असलं की बायको चढायची आणि हा खाली उभं राहून शिडी धरायचा, तीही डोळे मिटून. जिनिंगच्या धुराड्याची तार सैल झाली तेव्हा यानं एका मजुराला वर पाठवलं आणि स्वतः खालून दोन दिवस बोंबलून ती आवळून घेतली. तिसऱ्या दिवशी दोघांचाही आवाज बसला होता. मालकानं विचारलं, तू का नाही चढलास. मिस्त्री खरखरत्या आवाजात म्हणाला, "खालून बराबर दिसतं." डोळ्यांवर त्याचा इतका विश्वास मी त्याच एका दिवशी पाहिला.

अशा माणसाच्या शिवारात विमान पडलं. देवाला कधीकधी कामं नसतात.

ते साल काही मला सांगता येणार नाही, निजामी जोरात होती एवढं खरं. भादव्याचा पाऊस नुकता उघडला होता. पाटलाचं मुगाचं रान मोकळं होऊन ज्वारीच्या पेरणीची वाट बघत पडलं होतं. वरून कोरडंठाक, पण आपली काळी माती, आत घोटाभर चिखल. हे माहीत नसलेला एकच माणूस त्या दिवशी आमच्या डोक्यावर होता. कुण्या जहागीरदाराचा पुतण्या. आम्ही त्यांना छोटे सरकार म्हणायचो. हैदराबादेहून औरंगाबादेला शिकारीला निघाले होते. रेल्वेचा रूळ धरून उडत होते म्हणे. रूळ तर परतूरवरून जातो, मग हे आष्टीवर कसे आले, ते विचारायची आमची हिंमत नव्हती. काहीतरी बिघडलं म्हणून त्यांनी वरून छानसं सपाट रान निवडलं आणि उतरले. चाकं रुतली, विमान गर्रकन फिरलं आणि डावीकडचा खालचा पंख बांधावर आपटून मोडला.

विमान दोन मजली पंखांचं. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, मध्ये तारा, एकामागं एक दोन खुर्च्या. छोटे सरकार उतरले. पुढचा एक दात गेला होता. गाव जमलं, आणि गावामागून मिस्त्री आला. तो थेट विमानापाशी गेला, बांधावर उकिडवा बसला आणि अगदी मायेनं विचारलं, "लई लागलं का हो?"

छोटे सरकारांना भरून आलं. "हौ मियाँ, दाँत टूटा."

मिस्त्री मागंही न बघता म्हणाला, "अरे, तुला न्हाई."

परतूरहून तार गेली, तारेचं उत्तर आलं. सामान मुंबईहून येणार, माणूस मुंबईहून येणार, तीन महिने. पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं. "तीन महिने? मला ज्वारी पेरायची हाय. हे काय बुजगावणं म्हणून ठेवू का रानात?" छोटे सरकारही रडकुंडीला आले होते. आमच्याकडचा चहा त्यांना सोसत नव्हता, आणि दुसरं काही त्यांना करता येत नव्हतं.

"तीन आठवडे," मिस्त्री म्हणाला.

"तुमको हवाई जहाज का काम आता?"

"ह्यात काय यायचंय? बाजेला कापड लावलंय. कामट्या मोडल्यात, कामट्या घालू."

बैलांच्या चार जोड्या लावून विमान रानातून ओढून गावामागच्या मुरमाड माळावर नेलं. पाटलानं त्याच दिवशी तिफण जुंपली. मिस्त्रीनं आधी इंजिनाची तुंबलेली नळी मोकळी केली, मग मोडका पंख सोडवून घेतला, त्याचा तुकडान् तुकडा गूळवाल्याच्या तागडीत घातला आणि जेवढ्याला तेवढं नवं लाकूड तासलं. जाड दांड्या सागाच्या, बारीक बरगड्या वेळूच्या, सांध्यांना सरस. गुंजभर वजन जास्त झालं तर रंधा मारायचा, कमी पडलं तर सगळी बरगडी फेकून नवी. छोटे सरकार दिवसभर बाजेवर बसून हे बघायचे आणि संध्याकाळी म्हणायचे, "कमाल है." तीन आठवड्यांत त्यांनी दुरुस्तीला लावलेला हातभार एवढाच.

मग कापडाची वेळ आली, आणि मला बोलावणं आलं.

आता माझ्याविषयी थोडं वाईट बोलायला हवं, आजवर दुसऱ्यांचं बोललो. आमच्याकडं पोराचा कपडा अंगाबरोबर कुणी शिवून घेत नाही. पोर वाढतं, कापड आटतं. म्हणून शिंपी आत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवतो, त्याला आम्ही माया म्हणतो. ती आत दुमडून कच्च्या टाक्यानं धरायची. पुढच्या साली आई तो कच्चा दोरा ओढते, कपडा मोठा होतो. पंधरा वर्षं मी हेच करत आलेलो. हात आपोआप दुमडतो. मी पंखाचं माप घेतलं, मांजरपाट कापला, शिवला, आणि पंखाला घालून मोठ्या ऐटीत बाजूला उभा राहिलो.

मिस्त्रीनं डोळे मिटून अंगठा फिरवला. कापड ढिलं होतं, साफ दोन बोटं. अख्खं गाव उभं होतं.

"अरे," तो म्हणाला, "हा पंख हाय. पाटलाच्या पोराची चड्डी न्हाई. पुढल्या साली वाढायचा न्हाई तो."

लोक हसले. छोटे सरकारांना कुणीतरी उर्दूत करून सांगितलं, मग तेही हसले, दात नसलेलं. पुढचे आठ दिवस कुणीही दुकानावरून जाताना विचारायचं, काय मग, यंदा विमान किती वाढलं?

"उसव," मिस्त्री म्हणाला. "फिरून शिव. मेणाच्या दोऱ्यानं. एक सूत माया ठेवू नको."

मी उसवलं. फिरून शिवलं. अंगाबरोबर, मेणाचा दोरा, पक्की टीप. पण मलाही राग होता. पंधरा वर्षं मी कापड हाताळतोय, कापड आटतं हे मला इंजिनवाल्यानं शिकवायचं? ह्याची खळ बसली की तडकेल हे आणि येईल माझ्याकडं नाक घासत, असं मनात म्हटलं. आणि पंखाच्या खालच्या अंगाला, विमानाच्या पोटाजवळ, जिथं कुणी वाकून बघणार नाही तिथं, हातभर लांबीत मी दोन बोटं माया दुमडली आणि कच्च्या दोऱ्यानं धरली. शहाणपणाचा इतका मोठा झटका मला पुन्हा आला नाही.

वरून चिंचोक्याच्या खळीचे चार हात दिले. खळ वाळल्यावर जवसाचं कढवलेलं तेल आणि राळ. कापड ताणून हलगीसारखं झालं. तडकलं कुठंच नाही. म्हणजे मिस्त्रीचं बरोबर होतं आणि माझी माया आत फुकट बसली होती. फुकट म्हणजे काय, वारं भरलं की कच्चा दोरा सुटणार, आणि पंखाच्या पोटाला दोन बोटं झोळ पडणार. मला विमानातलं कळत नव्हतं, पण ढिलं कापड वाऱ्यात काय करतं ते कळत होतं. उद्या सांगू म्हटलं. उद्याचं परवा झालं. आठ दिवस ज्याच्यावर गाव हसलंय त्यानं आणखी एकदा कसं सांगावं?

विमान पुरं झाल्यावर मिस्त्रीनं सगळ्यांदेखत नियम सांगितला, "दुरुस्त करील तो आधी बसंल." सांगून झाल्यावर बहुतेक त्याच्या ध्यानात आलं की या वेळी बसायचं म्हणजे कुठं. तोंडाचा रंग गेला. छोटे सरकारांनी भला माणूस म्हणून वाट करून दिली. "नक्को जी मिस्त्री, मैं अकेला जाता."

"तुह्या मर्जीचा सवाल न्हाई," मिस्त्री म्हणाला.

त्यानंतर त्यानं घराच्या भिंतीला शिडी लावली. मी ओट्यावरून बघत होतो. पहिल्या सकाळी दोन पायऱ्या चढला, भिंतीला चिकटून उभा राहिला, उतरला. दुसऱ्या सकाळी तीन. तिसऱ्या सकाळी पुन्हा दोनच. बायको खाली शिडी धरून उभी. चौथ्या सकाळी तो पाच पायऱ्या चढला, माळवदाच्या कडेला हात लावला आणि तसाच उलट्या पावलांनी खाली आला. मग माझ्या दुकानी येऊन मशीनला म्हणाला, "उद्या जाऊन येतो." मला त्या वेळी सांगता आलं असतं. मी सुईत दोरा ओवत बसलो.

उद्या उजाडला. माळावर आष्टीच काय, आजूबाजूची चार गावं लोटली होती. मिस्त्री धुतलेलं धोतर नेसून आला. बायकोनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, मग विमानाला लावलं, आणि म्हणाली, "हे बघा, तुमच्या अहोंनाच सांगा आता तुम्हाला सांभाळायला." आवाज तिनं नेहमीचाच काढला होता, पण डोळ्याला पदर होता. मिस्त्री पुढच्या खुर्चीत चढला. चढला म्हणजे दोघांनी उचलून ठेवला. बसल्यावर त्यानं दोन्ही कडा धरल्या आणि डोळे मिटले.

छोटे सरकार मागं बसले, पाटलाच्या दोन गड्यांनी पुढचं पातं फिरवलं, इंजिन सुरू झालं. धूळ उडाली. पंखाचं कापड थरथरायला लागलं. मी डावीकडं, पंखापासून दहा हातांवर उभा होतो, वाकून बघितलं, आणि मला दिसलं. पोटाजवळ, खालच्या अंगाला, वाळलेल्या तेलावर एक रेघ उमटली. सरळ, हातभर लांब. माझीच रेघ, मी ओळखणार नाही तर कोण?

मी किती वेळ गप्प उभा होतो ते विचारू नका. एवढं सांगतो, की विमान हलेपर्यंत मी गप्प होतो. डोक्यात काय होतं? हसणारे लोक होते. शिंप्याच्या धंद्यात नाव गेलं की गिऱ्हाईक परतूरला जातं, हे होतं. आणि मिटल्या डोळ्यांचं ते तोंड होतं, पांढरंफटक, खालचा ओठ दातात धरलेला. मग मी ओरडलो. इंजिनापुढं माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. शेवटी धावलो आणि पंखाचं टोक दोन्ही हातांनी धरून लोंबकळलो. विमान माझ्याभोवती फिरलं, मी मुरमावर घासत गेलो. छोटे सरकारांनी इंजिन बंद केलं आणि हैदराबादी शिव्यांचा साठा बाहेर काढला.

चार गावं माझ्याकडं बघत होती. त्यांच्यादेखत मला ते वाक्य बोलावं लागलं.

"मिस्तरी, माया राह्यलीय. पोटाला. दोन बोटं. कच्चा टाका हाय."

पाटील म्हणाला, "म्हंजे वाढायचं ठरवलंच का तू विमानाचं?" माळ हसला. हसणं विरलं तरी मिस्त्री तसाच बसून होता. मग डोळे उघडले, दोघांच्या खांद्यावर हात टाकून उतरला, वाकून पंखाच्या पोटाला अंगठा लावला. शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"उसव," तो म्हणाला.

मी विमानाखाली उताणा पडून टाके घातले. पाठीला मुरूम, तोंडावर तेलाचे थेंब, बाजूला उकिडवे बसलेले लोक आणि त्यांचे सल्ले. प्रत्येक टाका त्या दिवशी दुहेरी पडला. वरून खळ, तेल, आणि दुपार टळेपर्यंत ऊन. कुणी घरी गेलं नाही. मिस्त्रीनं शेवटी अंगठा फिरवला. "बराबर." मी कपडे झाडत निघालो.

"कुठं चालला? बस."

"मी?"

"शेवटचा हात कुणाचा लागला?"

मी पाटलाकडं बघितलं, छोटे सरकारांकडं बघितलं, मिस्त्रीच्या बायकोकडं बघितलं. सगळ्यांना नियम एकाएकी फार आवडायला लागला होता. मला उचलून खुर्चीत ठेवलं तेव्हा एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. मिस्त्रीच्या तोंडाचा रंग परत आला होता.

वर काय बघितलं ते मला लोक अजून विचारतात. मी फक्त पंख बघितला. वाकून, मान मोडेपर्यंत, त्याच्या पोटाखालची तीच हातभर शिवण शोधत. दुधना नदी दिसली असेल, परतूरची जिनिंग दिसली असेल, मला न दिसणारे माझे टाके दिसत होते. एकदा, दोनदा, तीनदा आम्ही गावावरून फिरलो. कापड फडफडलं नाही. मग विमान खाली वळलं, माळ समोर आला, आणि छोटे सरकार मागून किंचाळले, "हटाव उसको!"

माळावरची सगळी माणसं पांगली होती. बरोबर मधोमध, जिथं आम्हाला उतरायचं तिथंच, मिस्त्री एकटा उभा होता. डोक्याला पागोटं नाही, तोंड वर, डोळे उघडे. आम्ही त्याच्या डोक्यावरून सूं करून गेलो, पुन्हा वर. फिरून आलो, तर हा तिथंच. त्याचा हिशेब मला नंतर कळला. नियमानं बसायचं त्यानं होतं. तो बसला नाही. तर निदान पडेल ते आपल्यावर पडावं, म्हणून तो खाली उभा राहिला होता. पडू नये म्हणून आधी जागा सोडावी लागते, एवढं त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्याला वाचवताना आम्ही मरणार, अशी चिन्हं दिसायला लागली. शेवटी त्याची बायको धावत माळावर आली आणि धोतराच्या सोग्याला धरून त्याला बांधापर्यंत फरफटत नेला. तेव्हा आम्ही उतरलो.

मिस्त्री आला तो आधी इंजिनापाशी. "दमला असाल." मग शिवणीपाशी, अंगठा. मला काहीच नाही. छोटे सरकार त्याच दिवशी उडून गेले. पुढं ऐकलं, हैदराबादेत त्यांनी सांगितलं की जंगलात एकट्यानं विमान दुरुस्त केलं. आम्हाला राग आला नाही. दात मात्र खरंच गेला होता.

त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्या मनात एक संशय होता. मी तो मिस्त्रीला बोलून दाखवला नाही, पण गावाला भरपूर ऐकवला. ह्याला वर जायचं नव्हतं. ह्याला सुटायचं होतं. माझी चूक ह्याच्या पथ्यावर पडली आणि ह्यानं नियम माझ्या गळ्यात घातला. लोकांना पटायचं. मलाही पटायचं.

मग फौजा आल्या, निजामी गेली. त्या दिवसांत खरी लढाईची विमानं आमच्यावरून जायची. सगळे घरात, खड्ड्यांत, जिथं जागा मिळेल तिथं. म्हातारा मिस्त्री रस्त्याच्या मध्ये उभा, तोंड वर. मी त्याला ओढायला गेलो तर म्हणाला, "शिवणच न्हाई रे ह्यांना. कशावर बसतेत लोक?"

त्याच हिवाळ्यात तो अंथरुणाला लागला. छातीत काहीतरी झालं होतं, अंगावरचं मांस गेलं होतं. जुने सदरे त्याच्या अंगात हलायचे, म्हणून बायकोनं मला नवा शिवायला सांगितला. मी माप घेतलं. मोठ्या पोराएवढं भरलं. शिवून घेऊन गेलो. त्यानं सदरा उलटा केला, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. कुशीपाशी थांबला. माझ्या हातानं सवयीप्रमाणं दुमडलं होतं. दोन बोटं, कच्चा टाका.

"अजून खोड गेली न्हाई," तो म्हणाला. "विमानाला बी असंच घातल्तं तू. आदल्या दिवशी तेल वाळलं का बघून राह्यल्तो, तवाच लागलं अंगठ्याला."

मला आधी ऐकलं तेच कळलं नाही. "आदल्या दिवशी? तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"हौ."

"आन् तरी तुम्ही जाऊन बसला?"

"नाडा पाहायचा तर लटकावं लागतं. विचारून कळत न्हाई."

मी खाटेच्या कडेला बसलो. इतकी वर्षं मी गावभर जे बोललो ते सगळं आठवलं आणि कान गरम झाले. "छोटे सरकार बी मेले असते की," मी म्हणालो.

"त्याचं ध्यानातच आलं न्हाई." मग म्हणाला, "विमानाचं वाईट वाटत व्हतं."

"मंग मी बोलंन, ह्याची खात्री व्हती तुम्हाला?"

त्यानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

"न्हाई," तो म्हणाला.

मी सदरा ओढून मांडीवर घेतला, खिशातली कात्री काढली आणि कुशीतला कच्चा दोरा शोधायला लागलो. कापू लागलो तर त्याचा तो चपटा अंगठा माझ्या हातावर आला.

"राहू दे," मिस्त्री म्हणाला. "वाढलो तर लागंल."